सायकलचा मधला आस

दोन हजार तीन साल. मी तेव्हा चौसष्टचा. शाळेच्या दाखल्यावर काय वय असेल ते शाळेला ठाऊक, दुसरीनंतर मी तिकडं फिरकलो नाही.

गुऱ्हाळावर मी गुळव्या. काहिलीतला रस उकळत असतो तेव्हा दहा माणसं भोवती असतात, पण तो कधी उतरवायचा हे एकटा गुळव्या सांगतो. जरा आधी उतरवला तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. मिसरूड फुटल्यापासून मी हेच केलं. त्या वर्षी दिवाळी सरली आणि मालकाचा निरोप आला, परवा चुलवाण पेटवतोय, उजाडायला हजर राहा, जमणार नसलं तर दुसरा माणूस बघितलाय. हे शेवटचं मला आवडलं नाही.

गुऱ्हाळ गावापासनं दोन कोस. पावसाळाभर माझा गुडघा सुजला होता, म्हणून सायकल गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलेली. संध्याकाळी काढून बघतो तर पायडल जागचं हलेना. चेन उतरवली तरी हलेना. दोन पायडलांच्या मधे एक नळी असते, तिच्यात आडवा दांडा फिरतो, त्याला आम्ही मधला आस म्हणतो. दोन्ही टोकांना छर्रे, आणि छर्रे दाबून धरायला आट्याच्या दोन वाट्या. तो आसच धरून बसला होता.

मुलगा कागलला कारखान्यात आहे. कामावरनं आला, उलटी केलेली सायकल बघितली आणि म्हणाला, "आबा, भंगारात घाला की आता ती."

"तुझ्या जन्माआधीची हाय ती."

"म्हणून तर म्हणतोय. आन् तुमीबी बसा की घरात. चक्कर येऊन काहिलीत पडला म्हंजे?"

"गूळ जरा जास्त गोड हुईल."

तो हसला नाही. "जायचंच आसंल तर मी सोडतो गाडीवरनं. पर रोज न्हाय जमायचं, आधीच सांगतो."

मला ते नको होतं. गुळव्या मुलाच्या पाठीला धरून आला, की जळण टाकणाऱ्यापासनं सगळे म्हणणार, म्हाताऱ्याला आणून सोडला. एका हंगामात तेवढं झालं की पुढच्या साली निरोप येत नाही. असे दोघं-तिघं मी बघितलेत. तेव्हा आस निघायलाच पाहिजे होता.

सकाळी सायकल ढकलत नाक्यावरच्या दुकानात नेली. दुकानदारानं पिना ठोकून काढल्या, पायडलांचे दांडे सोडवले, डाव्या वाटीला पाना लावला. मान लाल होईपर्यंत जोर केला आणि पाना खाली ठेवला.

"गंजलंय, पावणं. ह्याच्याम्होरं ठोकलं तर नळीच चिरंल."

"हातात बळ न्हाय म्हण की सरळ."

"तुमच्यात हाय न्हवं? मग न्या की घरला."

नेली. सोप्यात आडवी घातली. नळीत राकेल ओतलं, मुरू दिलं. मग वाटीच्या खाचेत छिन्नी लावून हातोडा घातला. छिन्नी निसटायची, हातोडा बोटावर बसायचा. परत राकेल, परत हातोडा. उन्हं सोप्यातनं सरकून अंगणात गेली. खांद्यातनं कळ निघून मानेत चढली होती. खरं सांगायचं तर पहिल्या तासातच मला कंटाळा आला होता, पण दुकानदाराला बोलून आलो होतो, मुलालाही बोललो होतो. मग कंटाळून कुणाला सांगणार?

बायको दोनदा ताट वाढून गेली. "अवो, जेवून तरी घ्या. सायकल काय पळून जातीया व्हय?"

"पळाली आसती तर बरं झालं आसतं."

शेवटी चिंध्या राकेलात भिजवल्या, नळीला गुंडाळल्या आणि पेटवल्या. लोखंड तापलं म्हणजे ढिलं पडेल, असा हिशेब. थोड्या वेळानं बायको आतनंच ओरडली, "काय करपलं वो?" तिची चूल विझलेली होती. वास सायकलीतनं येत होता, आणि तो मी झोपेतसुद्धा ओळखला असता. काहील उतरवायला उशीर झाला की हाच वास सुटतो. माझ्या काहिलीला तो कधी आला नाही, दुसऱ्यांच्या आलेला आहे.

गंज नव्हताच तो. काकवी होती. दर हंगामाला मी घरी काकवी न्यायचो, डबा सीटखालच्या दांडीला बांधून. ताज्या काकवीला झाकण गच्च लावत नाहीत, फसफसून डबा फुगतो. म्हणून आम्ही सगळेच तोंडात उसाच्या पाल्याचा बोळा कोंबतो. रस्त्याच्या हादऱ्यानं बोळ्यातनं थेंब गळत, दांडीवरनं ओघळत, आणि नळीवरचं तेल घालायचं भोक कधीचं उघडं पडलेलं. आमच्या सायकलीला मुंग्या लागतात म्हणून सगळं गाव हसायचं. मीही हसायचो.

बायको सोप्यात आली, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "गुळाचं पातेलं आपण राकेलनं धुतो व्हय?"

तिनं न विचारताच चूल पेटवून हंडा चढवला. उकळतं पाणी तांब्यातांब्यानं ओतत राहिलो. आधी राकेल बाहेर आलं, मग चहाच्या रंगाचं पाणी, मग नुसती तपकिरी साय. पुन्हा पाना लावला आणि वाटी कुरकुरत फिरली. आस बाहेर आला तेव्हा छर्रे तिळाच्या वडीसारखे एकमेकांना धरून बसले होते. आनंद वगैरे झाला नाही. बसून राहावंसं वाटलं. तरी सगळं धुतलं, ग्रीस भरलं, जागच्या जागी बसवलं.

मुलगा आला, त्यानं पायाच्या अंगठ्यानं पायडल फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं.

"निघाला व्हय?"

"मग काय ऱ्हातोय?"

"मर्दानी काम हाय बघा," तो म्हणाला, आणि ते चेष्टेनं म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर हाताच्या मुठी वळेनात. बोटं सुजून केळासारखी झालेली. सायकल अंगणात घेतली, ब्रेक धरून बघितला, दाबता येईना. वाटेत उतार आहे, खाली ओढा. मग सायकल भिंतीला लावली आणि मुलाला उठवलं.

"गाडी काढ."

"का? सायकलला काय झालं?"

"सायकलला काय हुतंय? ती बरी हाय."

त्यानं गाडी काढली. मागचा दांडा मला धरता येईना, म्हणून त्याच्या खांद्यावरनं हात टाकला. ओढा ओलांडून उसाच्या आडोशाला आलो तसं त्याला थांबवलं. उतरलो, त्याला परत लावला, आणि तिथनं गुऱ्हाळापर्यंत चालत गेलो.