मोंबासाला बोंबील कसे न्यावेत

नवी मुंबईतल्या करावे गावच्या जेट्टीच्या कट्ट्यावर आम्ही तिघं म्हातारे कोळी. मी, गजा आणि धर्मा. आमचे किस्से म्हणजे होडीच्या बुडाला धरलेलं शेवाळ, कितीही खरवडा, परत धरतं! त्यात मी मोंबासाला जाऊन आलो. तेव्हापासून कोणीही आफ्रिकेला निघालं की सल्ल्याला माझ्याकडे. मी शाळा बघितली नाही, पण जे झालं ते सांगतो.

जायचं कारण एकच. मुलगी तिकडे असते. नात आर्या चार वर्षांची, मला फक्त फोनवर ओळखणारी. जवळ येईल का, एवढंच टेन्शन.

*

पिवळ्या तापाचं इंजेक्शन दहा दिवस आधी तरी घ्या. सोबत गजाला नेऊ नका. "घाबरू नको, मी हाय ना!" म्हणत आला. सुई मला, चक्कर त्याला! अर्धा तास त्याला झोपवून ठेवलं. मी बाहेर त्याच्या चपला धरून.

*

सुके बोंबील मी सात पिशव्यांत गुंडाळले. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, इथे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे!"

मग स्टीलचा डबा. त्याला धर्माने जाळ्याच्या दोरीने गाठ मारली. "इमान पडला तरी सुटनार नाय!" काय हा धीर!

तिकडच्या विमानतळावरचा कस्टमचा साहेब म्हणाला, उघडा. मला सुटेना, त्याला सुटेना. त्याने दुसऱ्याला बोलावलं. त्या दुसऱ्याने झटक्यात सोडली, वास घेतला, हसला आणि परत तश्शीच गाठ मारून दिली. कोळ्याचाच पोर असणार!

*

"पुनवेला भरती बाराला." धर्माचा हिशोब आयुष्यात चुकला नाही. मी जावयाला सुट्टी घ्यायला लावली आणि बाराला पँट दुमडून किनाऱ्यावर हजर. पाणी पार लांब!

धर्माला फोन केला. त्याने तिथी परत विचारली. मग म्हणाला, "त्यांना सांग, तुमचा समुद्र लेट हाय."

भरती तिकडच्यांनाच विचारा.

*

पहिला दिवस मुद्दाम मागे ठेवलाय. आर्या विमानतळावर आईच्या मागे लपली. घरी आलो तरी तेच. "आजोबा फोनमध्ये असतात," एवढंच म्हणायची.

शेवटी मी बाथरूममध्ये गेलो, आतून कडी लावली आणि मुलीच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला.

"आजोबा!" केवढी ओरडली! मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाली, "आमच्याकडे एक माणूस आलाय. त्याने तुमचा शर्ट घातलाय. तुम्ही लवकर या!"

"निघालोच," म्हणालो आणि कडी काढली.