क्रांतीच्या टाचा

आमच्या कागलच्या गल्लीत क्रांतीसारखी दांडगी सून दुसरी नव्हती. माहेर कुरुंदवाडचं. धार, शेण, वैरण, म्हशींचं सगळं तिच्याच अंगावर. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे जे सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं. आणि तिची सासू बायडाबाई मला मुळीच आवडत नाही, हेही आधीच सांगून टाकते.

धाकटा पोरगा झाल्यावर क्रांतीचे पाय बिघडले. टाचा जाड, कोरड्या पडल्या, भेगांतून रक्त यायचं. कोकम तेल लावून झालं, मेण लावून झालं, काही उपयोग नाही. ऐन उन्हाळ्यात पावलं गार, म्हणून मोजे घालायची. हळूहळू बोटंही सुजली. केस मुठीनं गळायचे, धार काढता काढता डोळा लागायचा.

"कामचुकारपणा हाय सगळा," बायडाबाई म्हणायची. "भेगा काय आमच्या पायाला न्हाईत व्हय?" नणंद अनुजाचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, ती शेजारी बसून खिदळायची.

शेवटी जोडवी बोटांत रुतली आणि सोनाराकडून कापून काढावी लागली. झालं! पुढच्याच आठवड्यात घरी सत्यनारायण होता. क्रांती नवऱ्याशेजारी पाटावर बसली आणि बायडाबाईनं सगळ्या भावकीसमोर तिला उठवलं. "नवरा जित्ता असताना जोडवी काढणारी पूजेला बसाय नको." धैर्यशीलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिच्या पाटावर सुपारी ठेवून पूजा उरकली. जितीजागती बायको दारात उभी आणि तिच्या जागी सुपारी! माझा संताप अजून उतरलेला नाही, मग तिचा कसा उतरावा?

त्याच दिवशी ती माहेरी गेली; तिथलं सगळं तिनंच मला नंतर सांगितलं. कुरुंदवाडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला मोजे काढायला लावले. सुजेवर बोट दाबलं, खड्डा पडला नाही. टाचेवरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला वेळ लावला.

"नुसत्या भेगा कुणालाही पडतात," त्या म्हणाल्या. "पण तुमचं भेगा, सूज, गारठा, थकवा, केस, सगळं एकदम आलंय. रक्त तपासू."

थायरॉईड कमी निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. काही महिन्यांत सूज ओसरली, टाचा भरून आल्या. आई म्हणाली, इथंच राहा. क्रांती म्हणाली, "न्हाय. त्या बाईच्या डोळ्यांम्होरं चालायचं हाय मला."

ती परत आली. बायडाबाईनं काही घडलंच नाही अशा थाटात तिला धारेला बसवलं. क्रांती बसली. ती वाट बघत होती.

दोनेक वर्षांनी कबनूरला दिलेली अनुजा बाळंतपणानंतर माहेरी आली. पायांत मोजे! आवाज घोगरा, टाचा फुटलेल्या, चेहरा सुजलेला. सासरचे आळशी म्हणतात म्हणून रडायची. बायडाबाई लेकीचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची आणि व्याह्यांना शिव्या घालायची. भिंतीपलीकडून ऐकून मी पोटभर हसले.

तेलानं काही होईना, तेव्हा बायडाबाई सुनेला म्हणाली, "तुझ्या डॉक्टरकडं हिला दाखवून आण की."

"आणतो की. पण आधी भावकीतल्या बायका बोलवा. ज्यांच्यासमोर मला उठवलंसा, त्यांच्यासमोर सांगा, चुकलं म्हणून."

"सासूनं सुनेची माफी मागायची व्हय?"

"मग चोळत बसा तेल."

पुढं किती दिवस बायडाबाई ताठ्यात होती! पण लेक ती लेक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका जमल्या, तेव्हा ती उठून उभी राहिली. "क्रांतीला आजार हुता. म्या तिला पाटावरनं उठवलं. चुकलं माझं." मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"आता तरी ने माझ्या लेकीला," ती क्रांतीला म्हणाली.

अनुजा मान खाली घालून म्हणाली, "आई, वहिनीनं मला मी आलो त्याच आठवड्यात नेलतं. गोळी सुरू हाय. तू बोलावंस म्हणून मीच गप्प बसलो."

बायडाबाई सुनेकडं वळली. "मग मला का गं बोलाय लावलंस?"

"वन्संना गोळी लागत हुती, आत्ती," क्रांती म्हणाली. "मला ह्ये लागत हुतं."