आतोबांची जांभळी बोटं

आमच्या आतोबांइतका अस्वस्थ मतदार अख्ख्या सुरतेत दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; खानदेशातून पोटासाठी आलेले आणि उधन्याच्या एका गिरणीच्या रंगखात्यात चिकटलेले. तिथल्या रंगाने त्यांची दहाही बोटं जांभळी झाली होती. एरवी त्याचं त्यांना काही वाटत नसे, पण निवडणूक लागली की त्यांची झोप उडायची. लिंबू, चुना, रॉकेल, विटेचा तुकडा, हाती लागेल त्याने बोटं घासत सुटायचे. "शाई लावाले जागा नको का?" म्हणत अंगणात येरझारा घालायचे. आत्या म्हणायची, "कातडं तरी ऱ्हाऊ द्या!"

या धसक्याला कारण होतं. विधानसभेच्या एका निवडणुकीला त्यांच्या गिरणीचा सेठच उभा होता. आतोबांच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे ते कुणाला मत देणार हे त्याला आधीच कळलं होतं. मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. त्यांनी बोट पुढे करताच सेठचा माणूस ओरडला, "याचं मत देऊन झालंय! शाई बघा!" आतोबा रडवेले झाले. "मन्हं मत बाकी शे, साहेब," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिले. तेवढ्यात खुद्द सेठ आत आला. केंद्राचा अधिकारी म्हणजे एक किरकोळ अंगाचा गुजराती मास्तर, पण तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. त्याने आतोबांचे दोन्ही पंजे टेबलावर पसरायला लावले आणि विचारलं, "आ भाईए दस वखत वोट आप्यो?" सगळी रांग हसली. यादीत नावापुढे खूण नव्हतीच. सेठ काही बोलू लागला तसा मास्तर शांतपणे म्हणाला, "अहीं तमारुं नहीं चाले, सेठ." त्या दिवसापासून निवडणूक आयोग म्हणजे तो मास्तरच, अशी आतोबांची समजूत झाली.

पुढे आतोबा गिरणीतून निवृत्त झाले आणि बोटं आपोआप उजळली. आता काही अडचण नाही म्हणावं, तर आणीबाणी आली आणि निवडणूकच पुढे ढकलली गेली. माणसं दबक्या आवाजात बोलू लागली. आतोबा तापाने अंथरुणाला खिळले तरी विचारायचे, "मास्तर आजून कसा येत नही रे?"

निवडणूक लागली तेव्हा ते नव्हते. केंद्रावर माझ्या बोटाला शाई लागली. अखेरची आंघोळ घालताना मी त्यांचे हात पाहिले होते. बोटं अगदी स्वच्छ होती, आणि मत बाकी होतं.