छपराचं आमेन

एकोणिसाव्या शतकात एका स्कॉटिश पाद्र्यानं पुण्यात मिशन कॉलेज काढलं, आणि ते चालवायचं कसं हे सांगायच्या आत बिचारा देवाघरी गेला. तेव्हापासून कॉलेज देवाच्या भरवशावर आहे आणि देव शर्मिला खिल्लारेंच्या. शर्मिलाताई तिथल्या रजिस्ट्रार. सरकारी अनुदानातून पगार भागतात, इमारती भागत नाहीत. परदेशातलं मिशन पूर्वी पैसे पाठवायचं, आता नाताळला भेटकार्ड पाठवतं. मग उरतात माजी विद्यार्थी. त्यांना गाठायचं, चहा पाजायचा, त्यांच्या वेळचे सर कसे देवमाणूस होते ते ऐकून घ्यायचं आणि शेवटी एक पंखा पदरात पाडून घ्यायचा. पंख्याला पाती तीन, आणि देणगीदाराला त्यावर रंगवून हवं अख्खं खानदान!

ताई मूळच्या वाशीमकडच्या, घर बौद्ध, येशूशी संबंध कामापुरता. पण मुलींच्या वसतिगृहाचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. त्या स्वतः तिथंच राहून शिकल्या होत्या. यंदा त्याचं छप्पर इतकं खचलं की विश्वस्तांनी ठरवून टाकलं, जूनपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर वसतिगृह बंद, जागा क्लासवाल्यांना भाड्यानं. नांदेड, हिंगोली, वाशीमच्या त्या मुलींनी जायचं कुठं, असं ताईंनी विचारलं, तेव्हा विश्वस्तांनी बिस्किट उचललं.

मग ताईंनी वारज्याचे बिल्डर दिग्विजय कुदळे यांना धरलं. हे कॉलेजचेच माजी विद्यार्थी, वर्गापेक्षा कँटीनमध्ये जास्त शिकलेले. त्यांच्याकडे पुष्कळ खेटे घातल्यावर उत्तर मिळालं ते एवढंच, की संस्थापकदिनाला येतो आणि पाण्याचा कूलर देतो.

संस्थापकदिनाची रीत अशी, की देणगीदाराला पहिल्या रांगेत बसवायचं आणि रेव्हरंड शांतवन साळवे यांनी त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. साळवेसाहेब भला माणूस. पण जे अजून मिळायचंय त्याचेही आभार आधीच मानावेत, त्यालाच श्रद्धा म्हणतात, असं त्यांचं ठाम मत. ताईंनी आदल्या दिवशी त्यांना दोन्ही सांगून ठेवलं, मिळणार काय आणि हवंय काय. तिथंच घोळ झाला. प्रार्थनेला उभं राहून साळवेसाहेबांनी डोळे मिटले आणि ते म्हणाले,

“हे परमेश्वरा, तुझा सेवक दिग्विजय आमच्या लेकींच्या डोक्यावर नवं छप्पर घालतो आहे, त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो.”

सगळं सभागृह म्हणालं, आमेन. कुदळ्यांचं लक्ष फोनमध्ये. सगळे म्हणतायत म्हणून तेही म्हणाले, आणि भाषणासाठी माइक पुढ्यात ठेवलेला असल्यानं सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. मागच्या बाकांवरच्या मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला, एकदोघी तर रडल्याच. शर्मिलाताईंना कुठं तोंड लपवू असं झालं.

चहाच्या वेळी लोक छपराबद्दल अभिनंदन करायला लागले, तेव्हा कुदळ्यांना उलगडा झाला आणि ते तडक ताईंकडे आले. त्यांनी खडसावून सांगितलं की ही फसवणूक आहे, कूलर म्हणजे कूलर, आणि पाद्रीबुवांना आत्ताच्या आत्ता शब्द मागे घ्यायला लावा.

“अहो, मी बौद्ध,” ताई म्हणाल्या. “माझी वर काही ओळख नाही. आमेन आपण म्हणालात, रद्दही आपणच करून घ्या.”

कुदळ्यांना हसू फुटलं. पण धंद्यातला माणूस, लगेच सावरला. म्हणाले, वसतिगृह पडलं बंद तर पडलं, मुली जातील आपापल्या घरी, त्यात एवढं काय?

इतका वेळ ताईंची जीभ तिखट चालली होती. आता त्यांचा आवाज बदलला. त्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचे वडील नागोराव त्यांना न्यायला आले होते, स्थळ ठरवून. वसतिगृहाच्या बाईंनी नागोरावांना दारातूनच परतवून लावलं, म्हणून ताईंचं शिक्षण झालं. हे सगळं आठवून त्यांना राग आला आणि रडूही आलं.

“हो, घरी जातील,” त्या म्हणाल्या. “मग इथं त्यांच्या लग्नाच्या पत्रिका येतील. पत्रिका येतात, मुलगी परत येत नाही. मी तरी अजून पाहिली नाही.”

कुदळे मागं वळले. त्यांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. तिथं मुली घरी फोन लावून सांगत होत्या, की जूनमध्ये परत यायचंय, छप्पर होतंय. एक जण आईला पुन्हापुन्हा तेच सांगत होती, तिच्या आईला बहुतेक खरं वाटत नव्हतं. कुदळ्यांनी कप खाली ठेवला, बाह्या वर सारल्या आणि ताईंना विचारलं,

“शिडी कुठंय?”