मंदावहिनीची वाळवलेली फुलं

सकाळी थोरल्या भावाचा, अण्णाचा फोन आला, "मंदा गेली गं," आणि मिळेल ती गाडी पकडून मी नेपानगरहून बुरहानपूरला पोचले. वहिनीला हॉलमध्ये ठेवलं होतं. ठेवलं कसलं, पुरलंच होतं म्हणा... झेंडूत. हारांवर हार, वर गुलाबाच्या पाकळ्या, तोंडसुद्धा धड दिसेना. आणि शेजारी उभी राहून आमची थोरली वहिनी, अण्णाची बायको, आल्यागेल्याला सांगत होती, "फूल म्हणजे जीव होता हो तिचा!" मला रडू यायच्या आधी शिसारी आली. खोटं कशाला सांगू? महिना उलटला, तरी ती शिसारी काही जात नाही. म्हणून लिहायला बसले.

मंदावहिनी बहादरपूरची, केळीवाल्यांच्या घरातली. माझ्या मधल्या भावाची, दादाची बायको. नवी आली तेव्हा केसात मोगरा नाही असा दिवस नसायचा. आधी वास यायचा, मग ती यायची. दादा गेला तेव्हा ती ऐन तिशीत होती, मूलबाळ नाही. बायकांनी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि फुलं कायमची बंद करून टाकली. कोणत्या पोथीत लिहिलंय म्हणून मी भांडले, तर मलाच गप्प बसवलं. हळदीकुंकवाला पंचवीस बायकांचे गजरे ओवायचे मंदानं, आणि बायका दारात आल्या की मागच्या खोलीत जाऊन बसायचं, तेही मंदानंच. तिचे हात चालायचे, ती चालायची नाही. थूत तुमच्या त्या हळदीकुंकवावर!

त्या मागच्या खोलीतच हे वेड सुरू झालं. "केसात नाही तर नाही ताई, कागदात ठेवते," असं म्हणाली होती. आमच्या नेपानगरला कागदाची गिरणी, तिथला कोरा, गुळगुळीत न केलेला कागद बाजारात किलोवर मिळतो, तो मी तिला नेऊन द्यायची. फूल मिटू न देता कागदावर उताणं पसरायचं, वर पुन्हा कागद, वर फळी, आणि फळीवर मसाल्याचा पाटा. पहिले काही दिवस कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी. मोगऱ्याच्या वाटेला ती गेली नाही, तो काळा पडतो म्हणाली. कपाशीचं फूल तिचं लाडकं. पहिल्या दिवशी पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी. ती दोन्ही शेजारी शेजारी लावायची. एकदा केळफुलाचं जांभळं पान दाबायला गेली, तर चीक सुटून चादर, फळी, साडी सगळ्याचं वाटोळं. मी म्हटलं, "केळीवाल्यांची लेक ना तुम्ही? चिकाचा डाग जातो का कधी?" तर हसून म्हणाली, "माहीत होतं हो ताई. पण रंग तर बघा त्याचा!"

अण्णाची पिंकी तिच्याच मांडीवर वाढली. आई हळदीकुंकवात आणि किटी पार्टीत, पोर काकूच्या खोलीत. पिंकीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीनं तिच्यासाठी मोठी फ्रेम करायला घेतली. सागवानी चौकट, मधे निळी गोकर्ण आणि कडेनं कपाशीची फुलं. मला म्हणाली, "बाकी माझं काही मागणं नाही. पोरीच्या घरात भिंतीवर एवढं लागलं की झालं." लग्नाच्या आदल्या दिवशी ती फ्रेम घेऊन हॉलमध्ये आली. थोरलीनं हात लावला नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, सुकलेली फुलं, अन् त्यात तुझ्या हातची... शुभकार्यात अच्छं दिसतं का? जरा समझ ठेव ना." पिंकी मेंदी लावून समोरच बसली होती. मान खाली घातली तिनं. वहिनी एवढंच बोलली, "ठीक आहे," आणि फ्रेम भिंतीला टेकवून आत गेली. पुढे ती फ्रेम मला कधी दिसली नाही.

तेराव्याला पाहा काय तमाशा! मागच्या खोलीतल्या सगळ्या फ्रेमा थोरलीनं सोफ्यावर मांडून ठेवलेल्या. इंदूरचे कोणी पाहुणे "वा, क्या बात है" म्हणत होते आणि ही फुगून सांगतेय, "सब हँडमेड! आमच्या घरात कलेची कदर पहिल्यापासूनच." मी विचारलं, "आणि पिंकीच्या लग्नातली कुठंय?" "असेल कुठंतरी माळ्यावर," म्हणाली आणि वाढायला वळली.

माळ्यावर कशाला असेल? समोर भिंतीवर पिंकी आणि जावईबापूंचा लग्नातला फोटो होता, आणि चौकट सागवानी होती. मी स्टुलावर चढून तो खाली काढला. जावईबापूंच्या गालाला फुगवटा आलेला. "ओल आली असेल," थोरली म्हणाली. मी उलटा केला. मागचा कागद ब्लेडनं फाडून वर चिकटपट्टी मारलेली होती. ती ओढली, पुठ्ठा बाहेर काढला... सगळी फुलं जागच्या जागी. काढायचेही कष्ट घेतले नव्हते, वरून फोटो सरकवून दिला होता. उजेडानं दाबलेल्या फुलांचा रंग उडतो. सोफ्यावरच्या सगळ्या विटलेल्या होत्या. ही मात्र इतकी वर्षं पोरीच्या फोटोखाली अंधारात होती. गोकर्ण निळीच्या निळी.

आणि त्या काचेवरून रोज सकाळी फडकं फिरवायची कोण? मंदावहिनी. स्वतःच्या हातची चौकट तिला ओळखू आली नसेल? थोरलीला म्हटलं, "लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?" ती म्हणाली, "आता पाहुण्यांसमोर नको ना बाई."

तेवढ्यात पाहुण्यांत बसलेली पिंकी उठली. माझ्या हातून पुठ्ठा घेतला, फोटो बाजूला ठेवून तो पुन्हा काचेखाली बसवला, पदरानं काच पुसली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर आईला म्हणाली, "मम्मी, काकूची फ्रेम मी नेतेय. माझ्या हॉलमध्ये लावणार."

"अगं, अन् हा तुमचा लग्नाचा फोटो?"

"तो तू ठेव."

त्या तेरा दिवसांत त्या घरात मला किळस न आलेलं हे एवढंच बोलणं.