डाग रंगांचे नव्हते

आकुर्डीच्या आमच्या घरात एकच चित्र आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोने जलरंगात काढलेलं, तिच्या माहेरचं महाळुंग्याचं शिवार. आज तिथे कारखान्याची शेड आहे. ते बांध आता या कागदावरच उरलेत.

फ्रेम मी केली होती. कंपनीत मी पॅकिंग खात्यात होतो आणि आमचा धर्म एकच, माल हलता कामा नये. खात्यातलं रबरी सोल्यूशन ब्रशने चित्राच्या पाठीला फासलं आणि कागद हार्डबोर्डवर दाबून बसवला. पाच-सहा वर्षांत चित्रावर तपकिरी पट्टे उमटले, नेमके माझ्या ब्रशच्या रुंदीचे. मी ते पाहताक्षणी ओळखले. तिला मात्र म्हणालो, "तुझे रंगच हलके होते." तिने रंगांची पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा ब्रश हाती धरला नाही.

यंदा कागद कडांना तडकू लागला. म्हणून आम्ही दोघं चिंचवडला, जुनी चित्रं जपून फ्रेम करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी चित्र उघडून भिंगाखाली धरलं.

"काका, मागचा बोर्ड थोडा थोडा खरवडून काढावा लागेल. मग आम्ल नसलेला पुठ्ठा घालू. चित्र फक्त वरच्या कडेला, खळीने लावलेल्या कागदी पट्ट्यांवर टांगायचं. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो-आक्रसतो, हलतो; त्याला जागा लागते."

"पर रंग टिकतील का?" बायकोने विचारलं. "हलके हायेत."

"रंग उत्तम आहेत, काकू. हे डाग तर..."

"माझ्या सोल्यूशनचे आहेत," मी म्हणालो.

बायको माझ्याकडे वळली. "कवापासून ठावं हाय तुमाला?"

"पहिला पट्टा दिसला तेव्हापासून."

"आन् मी रंग इकणाऱ्या त्या दुकानदाराला शिव्या घालीत ऱ्हायले! मेला बिचारा."

बाई हसल्या. बायको हसली नाही. रिक्षात ती दुसऱ्या कडेला सरकून बसली.

दीड महिन्याने चित्र घरी आलं. पट्टे फिकट झालेत, गेले नाहीत. त्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे ते उन्हाच्या भिंतीवरून हलवलं.

गेल्या रविवारी तिने माळ्यावरची पेटी काढायला लावली. रंगांच्या वड्या वाळून भेगाळल्या होत्या, पण पाण्याचा थेंब पडताच हिरवा सुटला. पंख्याने कोरा कागद उडू लागला, तसं तिने मला हाक मारली.

"अहो, हितं धरा. नुसतं धरा. चिकटवू नका कशाला."