राजानंद गवंड्याचं पाचवं शील

जाफराबादेत राजानंद गवंड्याच्या हातची भिंत ओळखू यायची. ओळंबा लावा नाहीतर डोळा लावा, कुठं सूतभर फरक निघायचा नाही. भिंत उभी राहायची सरळ, आणि संध्याकाळी हे महाशय मात्र भिंतीला धरून घरी यायचे. दारूनं पार पोखरला होता गडी.

त्यानं एकदा लेकीच्या, साक्षीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि त्याच दिवशी दिवेलागणीला झिंगून आला. बायको, बेबीनंदा, तोंडाळ नव्हती. पण त्या दिवशी तिचा जीव जळला.

"प्यायची तर प्या," ती म्हणाली, "पण इथून पुढं खोटं बोलू नका. विहारात पाचवं शील म्हणता, दारूपासून दूर राहीन म्हणता, आन् तोंडाचा वास शेजारच्याला येतो. बुद्धासमोर तरी खोटं नका बोलू."

ते मात्र गड्याच्या काळजात रुतलं. पुढच्या पौर्णिमेला तो विहारात गेला, सगळ्यांबरोबर चार शीलं खणखणीत म्हणाला आणि पाचव्याला गप्प बसला. त्याच्या शेजारी बसून दोन पिणारे पाचवं शील कसं बेंबीच्या देठापासून म्हणत होते! ह्यानं तोंड उघडलं नाही. बायकांच्या बाजूला, खांबाशी बसलेल्या बेबीनंदाला ते बरोबर कळलं. नवऱ्याचा भरदार आवाज गर्दीतून निघून गेला की तिची मान खाली जायची. दर पौर्णिमेला असंच.

आता सुटायला दारू म्हणजे काय पायातली चप्पल आहे? त्यानं सोडायची म्हटलं आणि हात थरथरायला लागले, ओळंबा नाचायला लागला. कुणाच्या लग्नात घसरला. पोळ्याला पुन्हा घसरला. बेबीनंदानं तोंडाचा वास कधी घेतला नाही की टोमणा मारला नाही. तो कामावरून आला की चहा ठेवायची, तो पिऊन झाला की आणखी ठेवायची. बाई, किती धीर धरावा माणसानं! शेजारची झुंबरबाई म्हणायची, "कशाला जीव टांगून बसली, हा सुधारायचा न्हाई." बेबीनंदा म्हणायची, "होऊन राह्यलं, जिजी. हळूहळू होऊन राह्यलं."

आणि खरंच झालं. वर्ष उलटलं, त्याच्यावर दुसरं निम्मं सरलं, थेंबाला शिवला नाही पठ्ठ्या. तरी पाचव्या शीलाला गप्पच.

"आता तर म्हणा," ती एक दिवस म्हणाली. "माह्या कानानं ऐकू द्या एकदा."

"बेबी, स्लॅब कच्चा हाये आजून," तो म्हणाला. "खालचे टेकू जल्दी काढले आन् कोसळला, मंग? पुन्हा खोटा पडलो तर तुला तोंड कसं दाखवू?"

"किती दिवस पाणी मारू तुमच्या स्लॅबाला?" ती हसली.

"बुद्धपौर्णिमेला म्हणतो. बिलकुल म्हणतो."

झालं, बाईच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. घराला चुना दिला, पांढरं लुगडं धुऊन घडी घालून ठेवलं, झुंबरबाईला दहादा सांगितलं, "त्या दिवशी माह्याजवळ बस, कान देऊन ऐक."

बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली आणि सकाळी नळावर बेबीनंदाच्या छातीत कळ आली. हंडा तिथंच राहिला. जीप मिळाली, जालन्याला निघाले. मागच्या बाकावर तिचं डोकं राजानंदच्या मांडीवर. ती डोळे उघडून त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

त्याच्या ओठांवर आलं होतं हो! पाचवं शील, पुरं, जसंच्या तसं. पण त्याला वाटलं, आत्ता म्हटलं तर हिला वाटंल, हा निरोपच देऊन राह्यला. हिला पौर्णिमेला ऐकायचंय, पौर्णिमेलाच ऐकवू. त्यानं तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि ओठ मिटले. टेंभुर्णीच्या पुढं तिचा हात सैल पडला.

तिसऱ्या दिवशी तिच्या पुण्यानुमोदनाला माणसं विहारात जमली. आज हा गडी पिणार, असं चारचौघांच्या डोळ्यांत होतं. तो प्यायला नव्हता. साक्षी त्याच्याजवळ बसली होती. खांबाशी, बेबीनंदाच्या जागेवर, कुणी बसलं नव्हतं. भंतेजींनी शीलं सांगितली, सगळे मागून म्हणत गेले. चार झाली. पाचव्याला राजानंदचा आवाज फुटला, आणि बाकीच्यांचं म्हणून झालं तरी तो एकटा म्हणतच होता. संपवलं आणि खांबाकडं पाहून पुन्हा म्हणाला. आणखी मोठ्यानं, पुन्हा. भंतेजींनी त्याला थांबवलं नाही.

"ऐकलं रे भाऊ," झुंबरबाई हुंदका देत म्हणाली, "ऐकलं आम्ही सगळ्यांनी."

"तिनं न्हाई ना ऐकलं, जिजी," राजानंद म्हणाला. "मांडीवर व्हती माह्या. पाहून राह्यल्ती. मी गप बसलो."